आयआरबीपी १-२० : नव्या लॉटच्या नोंदी, जून ते ऑगस्ट

९ जून

नवा लॉट आज आला. छोट्या काचेच्या कुप्या, तळाशी पांढरा फुसफुशीत थर, सोबत एक पानी प्रमाणपत्र. कुप्या आल्या आल्या उणे वीसला ठेवल्या. आधीच्या लॉटमधलं अगदी थोडं उरलंय, ते तुलनेसाठी राखून ठेवलंय.

प्रकल्पात नव्याने येणाऱ्यांसाठी एकदा लिहून ठेवते. आयआरबीपी हे डोळ्याच्या पडद्यातलं प्रथिन. प्रकाशग्राही पेशी आणि त्यांच्यामागचा रंगद्रव्याचा थर यांच्यामधल्या फटीत ते असतं. व्हिटॅमिन ए पासून बनणारे रेटिनॉइड रेणू या थरातून त्या थरात पोचवणं हे त्याचं काम. सुमारे १४० किलोडाल्टनचं, एकमेकांशी मिळत्याजुळत्या चार भागांचं मोठं प्रथिन. त्याच्या सुरुवातीच्या वीस अमिनो आम्लांचा तुकडा (असा छोटा तुकडा म्हणजे पेप्टाइड) आपल्या कुपीत आहे: ग्लायसिन, प्रोलिन, थ्रिओनिन, हिस्टिडिन, ल्युसिन, फिनाइलअलानिन, ग्लुटामिन, प्रोलिन, सेरिन, ल्युसिन, व्हॅलिन, ल्युसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, मिथिओनिन, अलानिन, लायसिन, व्हॅलिन, ल्युसिन, ल्युसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल. एवढा तुकडा योग्य तऱ्हेने टोचला की सी५७ ब्लॅक ६ उंदराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच डोळ्यावर उलटते. या आजाराला ईएयू म्हणतात, प्रायोगिक ऑटोइम्यून युव्हायटिस. युव्हायटिस म्हणजे डोळ्याच्या आतला दाह. माणसाच्या युव्हायटिसमधल्या कितीतरी गोष्टी आपल्याला याच उंदरांमुळे कळल्या आहेत.

आपण मॉडेल बसवतोय, औषध तपासायचं काम नंतरचं. उंदीर आजारीच पडला नाही तर दोष पेप्टाइडचा, ते ज्यात घोटून टोचतो त्या तेलकट इमल्शनचा, सोबत देतो त्या पर्टुसिस विषाचा की खुद्द उंदराचा, हे मागाहून शोधता येत नाही. तोवर प्राणी गेलेले असतात. म्हणून या वेळी चौकशी कुपीपासून सुरू करायची असं मॅडमशी बोलून ठरवलं. बाकावर जे तपासता येतं ते बाकावरच तपासायचं, त्यासाठी एकही उंदीर खर्च करायचा नाही.

११ जून

मास स्पेक, म्हणजे रेणूचं वजन मोजणं. वीस अमिनो आम्लांची बेरीज करून वस्तुमान २१९४.६ येतं. दोन प्रोटॉन चिकटलेलं शिखर १०९८.३ ला आणि तीन चिकटलेलं ७३२.५ ला दिसायला हवं. दोन्ही जागच्या जागी आहेत.

यापुढचं बघणं महत्त्वाचं. चौदाव्या जागी मिथिओनिन आहे, त्याचं ऑक्सिडेशन झालं तर वजन १६ ने वाढतं आणि दुहेरी भाराचं शिखर ११०६.३ ला सरकतं. नव्या लॉटमध्ये तिथे नगण्य आहे. आधीच्या लॉटच्या उरलेल्या द्रावणात मात्र स्पष्ट दिसलं. दुसरी शंका सुरुवातीच्या जोडीची. ग्लायसिनच्या पाठोपाठ प्रोलिन असलं की ही जोडी कडं करून उरलेल्या साखळीपासून सुटू शकते, मग वजन १५४ ने कमी भरतं. ते शिखर कुठेच नाही.

आता प्रमाणपत्र. त्यावर शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर लिहिली आहे आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आम्हालाही तसंच दिसलं. पण या आकड्याचा अर्थ एवढाच की कुपीत जे पेप्टाइड आहे, त्यातलं ९५ टक्के हवं तेच पेप्टाइड आहे. कुपीतल्या पावडरमध्ये पेप्टाइड किती आणि इतर काय किती, हे त्यातून कळत नाही. शुद्धीकरणात वापरलेलं ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक आम्ल मीठ होऊन पेप्टाइडला चिकटून येतं. आपल्या साखळीत धन भार घेणाऱ्या जागा तीन: पुढचं टोक, हिस्टिडिन आणि लायसिन. तिन्ही जागी ते बसलं तर ११४ गुणिले ३, म्हणजे ३४२. एकूण वजन सुमारे २५३७ आणि त्यातलं खरं पेप्टाइड साडेशहाऐंशी टक्के. पाणी त्यात धरलेलंच नाही. काट्यावर ३०० मायक्रोग्रॅम तोलून घेतले तर उंदराला जेमतेम २६० पोचतात. एका लॉटमध्ये मीठ कमी, दुसऱ्यात जास्त, की डोस आपोआप बदलला. दोन वर्षांचे निकाल जुळत नाहीत म्हणून लोक डोकं धरून बसतात, त्यातले काही तरी याच खड्ड्यात पडलेले असणार असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

निव्वळ पेप्टाइड किती ते कळायला अमिनो आम्ल विश्लेषणाला नमुना पाठवला.

ज्युनिअरने विचारलं, "ताई, नॅनोड्रॉपवर २८० ला मोजून टाकू का?" चालणार नाही. नॅनोड्रॉप द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजतो, आणि २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात ती ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन, आणि या वीसांत दोन्ही नाहीत. एकुलतं फिनाइलअलानिन आहे, ते २५७ च्या आसपास आणि तेही क्षीण. यंत्र आकडा दाखवेल, पण तो कचऱ्याचा असेल. पेप्टाइड बंधाच्या शोषणावर, २१४ ला मोजता येतं, पण पेप्टाइड ज्यात विरघळवतो ते डीएमएसओ तिथे स्वतःच सगळा प्रकाश पिऊन टाकतं. तिने हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि वर साखळी लिहून टायरोसिन शोधून पाहिलं. हे मला फार आवडलं.

१६ जून

विरघळवणं. वीसांत पाच ल्युसिन, दोन व्हॅलिन, शिवाय फिनाइलअलानिन आणि मिथिओनिन. पाण्याशी याचं जमत नाही. सरळ पीबीएस (मिठाचं बफर द्रावण) घातलं तर तरंगणाऱ्या कणांचं गढूळ पाणी होतं आणि ते कितीही हलवलं तरी निवळत नाही. आधी अगदी थोड्या डीएमएसओमध्ये पूर्ण विरघळवायचं, मग थेंब थेंब पीबीएस घालत हलवत राहायचं.

तोलण्याबद्दल. बाहेर पाऊस धरलाय, तोलखोलीतली आर्द्रता एसी लावूनही खाली यायला तयार नाही. गार कुपी उघडली की हवेतलं पाणी थेट पावडरवर बसतं. आज पाहिलं तर काट्यावरचा आकडा डोळ्यांदेखत चढत होता. म्हणून पद्धत ठरवली: कुपी फ्रीजरमधून काढली की डेसिकेटरमध्ये ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच झाकण काढायचं. शक्यतो तोलायचंच नाही. आख्खी कुपी एकदम विरघळवायची, निव्वळ पेप्टाइडच्या आकड्यावरून तीव्रता काढायची, एका वेळच्या वापराचे भाग करून उणे ऐंशीला. एकदा वितळलेला भाग परत गोठवायचा नाही. डीएमएसओमध्ये मिथिओनिन हळूहळू ऑक्सिडाइझ होतं, जुन्या द्रावणातलं १६ चं शिखर बहुधा तिथूनच आलंय.

२० जून

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, पर्टुसिस विषाचं गार पार्सल दोन दिवसांनी येईल असं कळवलंय. अर्धी लॅब दर्शनाला गेली. मी निवांत बसून कुठला तुकडा कुठल्या प्राण्यात चालतो याची टाचणं पुरी केली.

थोडक्यात असं. टी पेशीला (प्रतिकारशक्तीतली हल्ला करणारी पेशी) पेप्टाइड नुसतं दिसत नाही, दुसऱ्या पेशीवरच्या एमएचसी रेणूच्या खोबणीत बसवून दाखवावं लागतं. खोबणीचा आकार वंशागणिक वेगळा. म्हणून १-२० हा तुकडा ब्लॅक ६ मध्ये चालतो. बी१०.आरआयआयआय जातीत १६१-१८० लागतो, आणि तिथे तो इतका जोरात लागतो की दहाएक मायक्रोग्रॅममध्ये, पर्टुसिस विषाशिवायही आजार होतो. लुईस उंदीर (मोठा, रॅट) घेतला तर आयआरबीपीच्या शेवटाकडचा आर१६. बी१०.आरआयआयआय मधला आजार जोरदार असतो, मग आपण सौम्य ब्लॅक ६ का घेतोय, असं मला मागच्या मीटिंगमध्ये विचारलं होतं. उत्तर साधं आहे: जनुक काढून टाकलेले जवळजवळ सगळे उंदीर ब्लॅक ६ पार्श्वभूमीवर आहेत. उद्या एखाद्या जनुकाचा प्रश्न विचारायचा झाला तर मॉडेल त्याच जातीत बसलेलं हवं.

उंदरातलं हे मॉडेल १९८८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये रेचेल कॅस्पी आणि सहकाऱ्यांनी बसवलं. त्याआधी काम गिनिपिग आणि रॅटमध्ये चालायचं, मुख्यतः एस-अँटिजेन या दुसऱ्या प्रथिनावर.

२५ जून

प्राणी नैतिकता समितीची बैठक. फॉर्म बी वर (प्राणिप्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) चांगले अडीच तास चर्चा झाली, आणि प्रश्न खरोखर चांगले होते.

पशुवैद्य सदस्यांचा पहिला प्रश्न: फ्रॉइंडचं संपूर्ण अ‍ॅडजुव्हंट टाळता येईल का? हे प्रतिकारशक्ती चेतवणारं मिश्रण; त्यात खनिज तेल आणि मारलेले क्षयाचे जिवाणू असतात, टोचल्या जागी गाठ येते, कधी जखम होते. आम्ही स्पष्ट सांगितलं की नुसतं पेप्टाइड टोचलं तर काहीच होत नाही. उलट अ‍ॅडजुव्हंटशिवाय दिलेल्या पेप्टाइडने शरीर ते सहन करायला शिकण्याची शक्यता जास्त. आजारासाठी धोक्याची सूचना लागते आणि ती जिवाणूंच्या भिंतीतून मिळते. मात्र तळपायात टोचायचं नाही, एकाच जागी सगळं द्यायचं नाही, शेपटीच्या मुळाशी आणि दोन्ही मांड्यांवर कातडीखाली वाटून द्यायचं, एका प्राण्याला एकदाच. वेदनाशामक, मऊ बिछाना, अन्न पिंजऱ्याच्या तळाशी. नजर गेलेल्या उंदराला वरच्या जाळीतलं खाणं शोधायला लावायचं नाही, ही सूचना समितीतल्या बाहेरच्या सदस्यांनी केली, आणि ती आमच्या मूळ अर्जात असायलाच हवी अशी होती.

दुसरा प्रश्न संख्येचा. उंदराला दोन डोळे आहेत म्हणून दोन नमुने धरणार का? नाही. एकाच शरीरातल्या त्याच टी पेशी दोन्ही डोळ्यांत जातात. गणतीत प्राणी एक, दोन्ही डोळ्यांची सरासरी एक. त्यामुळे लागणाऱ्या प्राण्यांची संख्या जास्त दिसते, पण डोळे मोजून आकडा फुगवला तर निष्कर्ष खोटा आणि ते प्राणीही वाया.

तिसरा, कंट्रोल कोणते? तीन गट: काहीच न दिलेले, अ‍ॅडजुव्हंट आणि पर्टुसिस विष, पण पेप्टाइड नाही, आणि सगळं दिलेले. मधला गट नसेल तर डोळ्यात जे दिसेल ते पेप्टाइडमुळे, असं म्हणायचा हक्क राहत नाही.

मंजुरी मिळाली.

२ जुलै

आरडी८ ची तपासणी आली. ब्लॅक ६ च्या 'एन' उपवंशात क्रब१ जनुकात हा दोष असतो. त्यामुळे डोळ्याच्या पडद्यावर लहान वयातच पांढरे ठिपके येतात आणि फंडसच्या (डोळ्याच्या आतल्या मागच्या बाजूच्या) चित्रात ते थेट युव्हायटिससारखे दिसतात. २०१२ मध्ये हे उघड झालं तेव्हा अनेक लॅबना आपले उंदीर परत तपासावे लागले. आपले 'जे' उपवंशातले, सगळे निर्दोष.

अमिनो आम्ल विश्लेषणही आलं. निव्वळ पेप्टाइड अपेक्षेपेक्षा थोडं कमीच, मिठाबरोबर पाणीही आहे. डोस त्याप्रमाणे बदलला.

९ जुलै

सुरुवातीची फंडस चित्रं आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचं प्रकाशाने घेतलेलं आडवं छेदचित्र). कंटाळवाणं वाटतं पण हे केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

भूल दिली की उंदराचा डोळा मिटत नाही, बुबुळ पटकन कोरडं पडतं. शिवाय झायलाझिन या भुलीच्या औषधाने काही वेळापुरतं भिंग पांढरं होतं. नवख्या माणसाला तो मोतीबिंदू किंवा दाह वाटतो. बाहुली मोठी करायला ट्रोपिकामाइड आणि फिनाइलएफ्रिन, लगेच जेल, खाली गरम पॅड, आणि हात चटचट. काका (प्राणिगृहात वीस वर्षं आहेत) उंदीर हातात घेतात तेव्हा तो धडपडत नाही. मी घेतला की धडपडतो. या प्रयोगात उंदरांना सगळ्यात जास्त हात त्यांचेच लागतील असं ठरवलं. घाबरलेल्या उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं, आणि स्टेरॉइड तर युव्हायटिसचं औषधच.

याच कारणाने वेळापत्रकही अलीकडे ओढलं. नदीपात्रात ढोलाचा सराव सुरू झालाय. गणपती यंदा ऑगस्टच्या शेवटी बसतात. शेवटची तपासणी त्याच्या आधी आटोपायला हवी, आवाज आणि हादरे तळघरापर्यंत पोचतात.

१४ जुलै, दिवस ०

टोचणी.

आजच्या दिवसातलं निम्म्याहून जास्त यश इमल्शनवर असतं, म्हणून ते सविस्तर लिहिते. अ‍ॅडजुव्हंटची बाटली आधी जोरात हलवायची, कारण मारलेले जिवाणू तळाशी बसलेले असतात. वरचं नितळ तेल ओढून घेतलं तर त्यात जिवाणूच नाहीत. क्षयाच्या एच३७आरए या निरुपद्रवी वाणाची जादा पूड घालून प्रमाण मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅम केलं. पेप्टाइडचं द्रावण आणि हे तेल समसमान. दोन काचेच्या पिचकाऱ्या, मध्ये जोडणी, आणि बर्फावर धरून इकडून तिकडे ढकलत राहायचं. आधी सहज जातं. मग अचानक जोर लागायला लागतो, अंगठा दुखायला लागतो, आणि मिश्रण श्रीखंडासारखं घट्ट, पांढरं होतं. तिथे थांबायचा मोह होतो, पण त्यानंतरही चालू ठेवायचं. परीक्षा एकच: गार पाण्यावर थेंब सोडायचा. थेंब गोळा राहून तरंगला तर तयार. कडेने पसरला, पाण्यावर तवंग आला, तर परत पिचकारीत.

आमचा पहिला थेंब पसरला. परत केलं. मग राहिला, आणि बराच वेळ तसाच राहिला.

प्लास्टिकच्या पिचकारीत रबराच्या दट्ट्याला तेल लागून तो फुगतो, म्हणून काच. पेप्टाइड नसलेलं इमल्शन आधी बनवलं, पेप्टाइडचं नंतर, म्हणजे चुकून काही मिसळायचा प्रश्न नाही.

प्राण्यामागे २०० मायक्रोलिटर, तीन जागी. लगेच पोटात पर्टुसिस विष. डांग्या खोकल्याच्या जिवाणूचं हे विष रक्त आणि डोळा यांच्यातला बांध ढिला करतं आणि प्रतिकारशक्तीला आक्रमक दिशेला ढकलतं. कुठला पिंजरा कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या काढून काकांनी ठरवलं. यादी मॅडमच्या कपाटात. गुण देणाऱ्या मला गट माहीत नाहीत.

१५ जुलै

सगळे खातायत, हालचाल ठीक. वजनं घेतली.

२४ जुलै, दिवस १०

साध्या फंडस चित्रात काही नाही. पण ओसीटीत काही प्राण्यांच्या डोळ्यातल्या काचद्रवात (डोळा भरून असलेला जेलीसारखा पदार्थ), दृष्टिचेतेच्या मुखाजवळ, बारीक चकाकणारे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक पेशी किंवा पेशींचा पुंजका. सुरुवातीच्या चित्रांत त्या जागा स्वच्छ काळ्या होत्या. स्क्रीनवर दोन्ही चित्रं शेजारी लावली तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही, मग ज्युनिअर म्हणाली, "आल्या."

एक गोष्ट मनात घोळतेय. हा हल्ला सुरू करणाऱ्या टी पेशी पेप्टाइडने निर्माण केलेल्या नाहीत. पेप्टाइड फक्त त्यांना हाक मारतं. त्या उंदराच्या अंगात आधीपासूनच होत्या. थायमसमध्ये (टी पेशी जिथे घडतात ती ग्रंथी) एअर नावाच्या जनुकामुळे शरीरभरची प्रथिनं थोडी थोडी तयार होतात, त्यांत आयआरबीपीही आहे, आणि त्यावर उलटणाऱ्या टी पेशी तिथेच मारल्या जातात. २००६ मध्ये दाखवलं गेलं की एअर नसलेल्या उंदरांत काही न टोचताच डोळ्यावर हल्ला होतो आणि त्याचं लक्ष्य आयआरबीपी असतं. एअर शाबूत असलेल्या आपल्या उंदरांतही काही पेशी त्या चाळणीतून निसटतात. माणसांतही निसटतात. मग बहुतेकांना युव्हायटिस का होत नाही, हा खरा प्रश्न, आणि त्या प्रश्नासाठी हे मॉडेल बसवायचं.

२८ जुलै, दिवस १४

फंडसमध्ये आजार दिसतोय. दृष्टिचेतेचं मुख सुजलंय, कडा पुसट. रक्तवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंनी पांढरी किनार, म्हणजे भिंतीभोवती पेशींचा गराडा. पडद्यावर इथेतिथे छोटे पांढरट डाग. सगळ्यांत नाही. काही डोळे अजून स्वच्छ आहेत. ब्लॅक ६ मध्ये हे व्हायचंच, दर वेळी सगळे आजारी पडत नाहीत आणि जोरही कमीजास्त.

गुण ० ते ४. अगदी परिघावर एखाददुसरा ठिपका असेल तर अर्धा. वाहिन्यांचा सौम्य दाह आणि पाचाहून कमी छोटे डाग, एक. डाग अनेक आणि वाहिन्यांचा तीव्र दाह, दोन. एकमेकांत मिसळलेले मोठे डाग, रेषांचं जाळं, रक्तस्राव, तीन. पडदा सुटलेला किंवा वाळलेला, चार. मी आणि ज्युनिअरने वेगवेगळे गुण दिले, मग जुळवून पाहिले. जिथे फरक एकाहून जास्त, तिथे मॅडमनी तिसरा निकाल दिला.

४ ऑगस्ट, दिवस २१

आज जोर सगळ्यात जास्त. एका डोळ्यात काचद्रव इतका गढूळ की फंडस दिसेना. ओसीटीत पडद्याला घड्या पडलेल्या.

गट उघडले. काही न दिलेल्यांत आणि फक्त अ‍ॅडजुव्हंट-पर्टुसिस दिलेल्यांत एकाही डोळ्याला गुण नाही. आजारी सगळे पेप्टाइडच्या गटातले. नवा लॉट चालतो.

दुपारी युव्हायटिस क्लिनिकमधले डॉक्टर चित्रं बघायला आले. ते बराच वेळ वाहिन्यांच्या किनारीकडे बघत राहिले. म्हणाले, "हे मी ओपीडीत रोज बघतो." त्यांच्याकडे येतात ती कामाच्या वयाची माणसं, काही वेळा शाळकरी मुलं, वर्षानुवर्षं स्टेरॉइड, मग त्याचाच मोतीबिंदू आणि काचबिंदू. त्यांनी नेमका प्रश्न विचारला: "यातून रुग्णाला काय मिळालं आजवर?"

मिळालंय, आणि फसगतही झाली आहे, दोन्ही सांगितलं. सायक्लोस्पोरिन आधी एस-अँटिजेन दिलेल्या रॅटमध्ये आजार थोपवताना दिसलं आणि १९८३ मध्ये नुसेनब्लॅट यांच्या गटाने ते रुग्णांत वापरल्याचं प्रसिद्ध केलं. टीएनएफ हा दाह वाढवणारा रेणू अडवला की प्राण्यातला दाह कमी होतो हे आधी दिसलं, आणि २०१६ मध्ये अ‍ॅडालिमुमॅबला संसर्गजन्य नसलेल्या युव्हायटिससाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. डॉक्टर ते आज लिहून देतात. पण आयएल-१७ या दाहाच्या दुसऱ्या रेणूला अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅबचं उदाहरण घ्या. पेप्टाइड किंवा आख्खं आयआरबीपी अ‍ॅडजुव्हंटसोबत दिलेल्या उंदरात आयएल-१७ अडवल्याने आजार हटतो. माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत मात्र औषधाने मुख्य उद्दिष्ट गाठलं नाही, २०१३ मध्ये तसे निकाल आले. याची सूचना उंदरानेच दिली होती: २००८ मध्ये कॅस्पींच्या गटाने दाखवलं की अ‍ॅडजुव्हंटसोबत दिलं तर आजार आयएल-१७ वर चालतो, पण आयआरबीपीने भारलेल्या डेंड्रिटिक पेशी (टी पेशींना प्रथिनाचे तुकडे दाखवणाऱ्या) दिल्या तर तोच आजार इंटरफेरॉन गॅमा या वेगळ्या रेणूवर चालतो. कुठल्या वाटेने आजार आणला यावर उत्तर ठरतं. रुग्णाला त्याचा आजार कुठल्या वाटेने आला, हे आपल्याला माहीत नसतं.

डॉक्टरांनी त्यावर त्यांची बाजू मांडली. आपल्याकडे अ‍ॅडालिमुमॅब सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी आलीच, आणि कित्येकांच्या डोळ्यात दाहाचं कारणच क्षय असतो. मी त्यांना भुवनेश्वरचं २०१७ चं काम दाखवलं: क्षयाशी जोडलेल्या युव्हायटिसमध्ये रुग्णांच्या डोळ्यातल्या टी पेशी क्षयाच्या जिवाणूलाही प्रतिसाद देतात आणि डोळ्याच्या पडद्याच्या अर्कालाही. आमच्या पिचकारीत मारलेले क्षयाचे जिवाणू आणि डोळ्याच्या पडद्याचा तुकडा एकत्र असतात. ही जुळणी अ‍ॅडजुव्हंट म्हणून सोयीची होती म्हणून आली, पण महाराष्ट्रातल्या ओपीडीत बसलेल्या माणसाच्या अंगात ती आपोआपच होत असेल तर? डॉक्टर म्हणाले, "हा प्रश्न इथेच विचारायला हवा." मलाही तसंच वाटतं, आणि त्यासाठी पुढच्या अर्जात एक भाग जोडायचं मॅडमनी मान्य केलं.

५ ऑगस्ट

ठरलेल्या प्राण्यांच्या लसिका ग्रंथी आणि डोळे घेतले. ग्रंथींतल्या पेशी तीन वाट्यांत: काही न घालता, १-२० घालून, आणि क्षयाचं पीपीडी (क्षयाच्या जिवाणूंच्या प्रथिनांचा अर्क) घालून. नव्या लॉटसोबत जुना, ऑक्सिडाइझ झालेला नमुनाही चौथ्या वाटीत ठेवला.

८ ऑगस्ट

एलायझा (पेशींनी सोडलेले रेणू मोजणारी चाचणी) वाचला. पीपीडीला अ‍ॅडजुव्हंट मिळालेले दोन्ही गट कडकडून प्रतिसाद देतात, म्हणजे मधल्या गटाची प्रतिकारशक्ती जागी आहे, झोपलेली नाही. १-२० ला प्रतिसाद फक्त पेप्टाइड मिळालेल्यांकडून, आयएल-१७ आणि इंटरफेरॉन गॅमा दोन्ही. मधल्या गटाच्या डोळ्यांना का काही झालं नाही, ते या एका तक्त्यात आलं.

जुन्या नमुन्याला प्रतिसाद आहे, पण नव्यापेक्षा फिका. त्याची तीव्रताही नक्की माहीत नाही, त्यामुळे दोष ऑक्सिडेशनचा की कमी पेप्टाइडचा, हे यावरून म्हणता येणार नाही. मुद्दाम ऑक्सिडाइझ केलेलं, तोलून-मोजून घेतलेलं पेप्टाइड याच पेशींवर लावायला हवं. गोठवलेल्या पेशी शिल्लक आहेत, नवे प्राणी लागणार नाहीत.

१८ ऑगस्ट

उतीचे काप आले. प्रकाशग्राही थराला घड्या, मध्ये पेशींचे पुंजके, वाहिन्यांभोवती गराडा, एका ठिकाणी बाहेरचा थर नाहीसाच झालाय. कापांवरचे गुण आणि फंडसचे गुण बहुतेक जुळले. जिथे जुळले नाहीत तिथे कापांत आजार जास्त निघाला, तोही परिघावर, जिथे आमचा कॅमेरा पोचत नाही. पुढच्या वेळी परिघाचं चित्र घ्यायला उंदीर कलता ठेवायचा. काकांनी त्यासाठी थर्माकोलचा एक उतरता पाट कापून ठेवलाय.

या लॉटवर शिक्का: वापरायला योग्य. कुप्यांच्या झाकणावर निव्वळ पेप्टाइडचा आकडा मार्करने लिहिला, प्रमाणपत्रावरची शुद्धता खोडली. पुढच्या फेरीत शेजारी ६५१-६७० हा तुकडा घ्यायचा आहे. तोही ब्लॅक ६ मध्ये चालतो आणि त्याने आजार अधिक जोराचा होतो असं २०१५ मध्ये दाखवलं गेलंय. आजार जास्त जणांना आणि सारखा होत असेल तर कमी प्राण्यांत उत्तर मिळेल. मागणी पाठवली, सोबत अमिनो आम्ल विश्लेषणाची अटही घातली. दसऱ्यानंतर सुरू करू.